गरज की हौस

बाबा, काल दुपारी मी सशांची जाळी सोडवायला बसले आणि थोड्याच वेळात रडकुंडीला आले. हे काम तुमचं होतं. ओली, चिखल लागलेली, काटे अडकलेली जाळी मी बादलीत टाकायची आणि तुम्ही पोर्चवर स्टुलावर बसून एकेक जाळी मोकळी करायची. खुंटी पायाच्या बोटांत धरायची, दोरी ताणायची, आणि मग जाळीची अशी घट्ट वळकटी करायची की दुसऱ्या दिवशी बिळापाशी एका झटक्यात उलगडली पाहिजे. मला ते कधीच जमलं नाही. मी शिकलेही नाही, कारण तुम्ही होतात.

तुम्हाला जाऊन अजून महिना झालेला नाही. नागपूरच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर सगळ्यांनी लिहिलं. जन्म कुठला, कारखान्यात किती वर्षं, विहाराच्या बांधकामासाठी कसे फिरलात, आईच्या आजारपणात कशी सेवा केलीत. सगळं खरं आहे. पण त्यात ससे नाहीत. आपल्या शेवटच्या तीन हिवाळ्यांबद्दल तिथल्या कुणाला काही माहीतच नाही. मग ते मी कुणाशी बोलायचं? तुमच्याशीच बोलते.

आई गेल्यानंतर मी तुम्हाला इकडे आणलं. मी तेव्हा नुकतीच कॅलिफोर्नियातली, सांता क्लाराची नोकरी सोडून वॉशिंग्टन राज्यातल्या या बेटावर जमीन घेतली होती. घटस्फोट झाला होता, ऑफिसात मन रमत नव्हतं, मातीचा अभ्यास केलेल्या बाईने माती हातात घ्यावी असं डोक्यात बसलं होतं. सफरचंदाची आणि नासपतीची कोवळी रोपं लावली. तुम्ही पहिल्या दिवशी ओळींमधून फिरलात आणि म्हणालात, "झाडं लावली, ठीक हाये. पण इथं बोलाले माणूस कोन हाये?" मी म्हटलं, "तुम्ही आलात ना." तुम्ही नुसती मान हलवलीत. त्या वर्षी तुम्ही एकूणच फार बोलत नव्हता. चहा हवा का, तर मान हलवायची. नको, तर तीच मान.

त्या हिवाळ्यात सशांनी रोपांच्या साली सोलल्या. तुम्हीच आधी पाहिलंत. सकाळी फिरून आलात आणि मला हाताला धरून बाहेर नेलंत. बुंध्याला जमिनीपासून वीतभर चारी बाजूंनी साल कुरतडलेली, आतलं पांढरं लाकूड उघडं. "हे झाड आता वाचत नाही ना?" तुम्ही विचारलंत. नाही वाचत, बाबा. सालीतूनच त्याचं जेवण खाली जातं. एकेका ओळीत अशी कितीतरी झाडं होती. कुंपणापलीकडच्या मातीच्या बांधात, ब्लॅकबेरीच्या काट्यांखाली, सशांची अख्खी वस्ती होती. हे ससे मूळचे इथले नाहीत. कुणीतरी कधीतरी बाहेरून आणून सोडले आणि त्यांनी बेट पोखरून काढलं.

शेजारच्या रूथने उपाय सांगितला. रूथ मेंढ्या पाळते, सत्तरीला आली आहे, आणि तिच्याकडे फेरेट होते. मुंगसाच्या चणीचे, लांबुळके, पाळीव. बिळात सोडायचे, ससा घाबरून दुसऱ्या तोंडाने बाहेर पडतो आणि तिथे लावलेल्या जाळीत सापडतो. मी आधी वन्यजीव खात्याच्या ऑफिसला फोन करून आमच्या जमिनीवर हे चालतं ना, ते विचारून घेतलं, कारण बऱ्याच राज्यांत याला बंदी आहे. कॅलिफोर्नियात तर फेरेट पाळायलाच बंदी. मग रूथने तिच्या दोन माद्या आम्हाला दिल्या. एक पांढरी, एक काळपट. तुम्ही नावं ठेवलीत, कापसी आणि कोळशी. विदर्भाचा सगळा माल झाला की, मी म्हटलं. आईनंतर तुम्ही पहिल्यांदा हसलात.

मला वाटलं होतं तुम्ही विरोध कराल. तुम्ही रोज सकाळी बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावून पंचशील म्हणणारे. त्यातलं पहिलंच शील, जीव घेणार नाही. पण तुम्ही एवढंच विचारलंत, "गरज हाये ना?"

"आहे. नाहीतर बाग जाईल."

"मग ठीक हाये. मारायची इच्छा वेगळी, मारायची गरज वेगळी." तरुणपणी विहारात ऐकलेला हा भेद तुमच्यात मुरला होता. मटण तुम्ही खात होतातच. मीच उगाच घाबरले होते.

पहिल्या दिवशी तुम्ही आलात ते कापसीच्या काळजीने. "एवढीशी हाये, आत अडकली तर?" रूथ आम्हाला शिकवत होती. वारा आपल्या तोंडावर येईल अशा बाजूने जायचं. पाय आपटायचे नाहीत. बिळाच्या तोंडावरचं गवत हळूच बाजूला करायचं, जाळी सैल पसरायची, खुंटी घट्ट ठोकायची. काट्यांत लपलेलं एकही तोंड सोडायचं नाही, कारण ससा नेमका तिथूनच जातो. मग फेरेटला बिळाशी धरायचं. तिची शेपटी बाटली घासायच्या ब्रशसारखी फुलली तर समजायचं, घरात कुणीतरी आहे. सोडायचं, आणि बिळाच्या मागे जाऊन उभं राहायचं, समोर नाही. आणि बोलायचं नाही.

"बोलाचं नाही म्हणते का रूथबाई?" तुम्ही माझ्या कानात विचारलंत.

"हो."

"मग मले जमते."

खरंच जमलं. आपण दोघं त्या बांधावर उभे होतो. समुद्राकडून गार वारा येत होता. खाली जमिनीत कुठेतरी ससा पाय आपटत होता, तो आवाज कानांपेक्षा तळव्यांना आधी कळत होता. मग एकदम धाडकन जाळीचा चेंडू झाला आणि आत ससा. रूथने गुडघ्याने जाळी दाबली, एका झटक्यात त्याची मान मोडली, आणि मला म्हणाली, "पुढचा तुझा. हात थरथरला तर त्याला त्रास, तुला नाही." तुम्ही तोंड फिरवलं नाहीत. शेवटपर्यंत पाहिलंत.

त्या दिवशी तुम्ही स्वयंपाकघराचा ताबा घेतलात. सुकं खोबरं, खसखस, जिरं-मिरं भाजलंत, लाल तिखटाचा डबा अर्धा केलात. घरभर ठसका. "हाडं लय बारीक हायेत," म्हणालात आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलंत. मला त्या जेवणाबद्दल तुमचे आभार मानायचे होते. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच माझ्या घरात कुणीतरी मसाला भाजला होता. नुसती पोळी लाटत राहिले, आणि बोलायचं राहून गेलं.

दुसऱ्या हिवाळ्यात मला ते चांगलं यायला लागलं. रूथचा गुडघा दुखत होता म्हणून तिच्या कुरणावरही मीच जायची. तिच्या मेंढ्यांचे पाय बिळांत अडकायचे. मग आणखी कुणाकुणाचे फोन यायला लागले. शनिवार आला की मी सकाळपासून तयार. तुम्ही सोबत यायचात, जाळ्यांची पिशवी खांद्यावर, कानटोपी घालून. आणि एके दिवशी परत येताना गाडीत म्हणालात,

"तू हसली."

"कधी?"

"ससा जाळ्यात आला तेव्हा."

"बाबा, इतक्या थंडीत इतका वेळ उभं राहिल्यावर ससा आला. माणूस हसतो."

"ते समजलं मले. मी फक्त विचारून राहिलो. गरज हाये का हौस हाये?"

"झाडं पाहिलीत ना तुम्ही?"

"झाडं पाहिली. आता तुले पाहून राहिलो."

मी चिडले. तुम्हाला माहीत आहे मी चिडले की कुठे मारते ते. मी म्हटलं, "तुम्ही कारखान्यात तोफगोळ्यांची कवचं बनवत होता. तेव्हा कुणी विचारलं का, गरज की हौस?"

तुम्ही खिडकीबाहेर बघत होता. तिकडेच बघत म्हणालात, "तिथं मी कधी हसलो नाही."

घरी पोचल्यावर तुम्ही नेहमीसारखं कापसी-कोळशीला खायला घातलंत, जाळी सोडवायला बसलात. मी आत जाऊन लॅपटॉप उघडला. त्यावर आपण पुन्हा बोललो नाही, पण पुढच्या प्रत्येक शनिवारी, ससा जाळीत आला की मी आधी तुमच्याकडे बघायची, तुम्ही माझ्याकडे बघताय का ते. बघत असायचात.

आणि मग फेब्रुवारीतला तो दिवस. हंगामाचा शेवट, जमीन चिंब. कापसी आत गेली ती बाहेर येईना. असं होतं कधीकधी. ससा कोपऱ्यात सापडला की फेरेट त्याच्यापाशीच बसून राहते. तिच्या गळ्यातल्या पट्ट्याचा माग काढणाऱ्या यंत्राची बीप-बीप ऐकत मी जागा शोधली आणि खणायला लागले. तुम्ही जमिनीला कान लावून पालथे पडलात. यंत्र होतं तरी तुमचा त्याच्यावर विश्वास नव्हता. "हाये, हाये, खरडून राहिली," तुम्ही म्हणालात. कुदळ ठेवून मी खांद्यापर्यंत हात आत घातला. कापसी बोटांना लागली, तिला मी मानेला धरलं. वरची माती भिजून भिजून खाली यायला लागली होती. हात काढला असता तर ती गाडली गेली असती.

तेवढ्यात मागच्या जाळीत ससा आला. कापसीने आत त्याला ओरबाडलं होतं. पाठ सोललेली, एक डोळा गेलेला. आणि तो ओरडायला लागला. ससे ओरडतात हे तोवर आपल्याला दोघांनाही माहीत नव्हतं. तान्ह्या मुलासारखा आवाज.

"बाबा, तुम्हीच करा!" मी ओरडले. "मला हात काढता येत नाही. करा लवकर!"

मला मातीत तोंड खुपसून काही दिसत नव्हतं. तुम्ही गुडघ्यावर बसल्याचं ऐकू आलं. मग तो आवाज वाढला. पहिल्या वेळी तुम्हाला जमलं नाही, बाबा. मग पुन्हा. मग सगळं शांत झालं आणि फक्त पावसाचा आवाज राहिला. मी कापसीला बाहेर काढून वळले तेव्हा तुम्ही चिखलात मांडी घालून बसला होता. ससा मांडीवर, जाळीसकट. त्याच्या कानावरून तुम्ही एकदा अंगठा फिरवलात.

"झालं," म्हणालात.

घरी आल्यावर बाहेरच्या नळाखाली तुम्ही हात धुतलेत. धुतच राहिलात. मी टॉवेल घेऊन दारात उभी होते. मला म्हणायचं होतं, तुम्ही त्याचे हाल थांबवलेत. मला म्हणायचं होतं, ते मी तुमच्याकडून करवून घेतलं. यातलं काहीच न म्हणता मी म्हटलं, "गरम पाणी आहे आत." तुम्ही मान हलवलीत. हो की नाही, ते मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्याशी चहा करत होते आणि तुमच्या खोलीतून वंदना ऐकू येत होती. त्रिशरण झालं. पंचशील सुरू व्हायचं तिथे तुम्ही थांबलात. ठसका लागला असेल असं वाटलं. मग थेट चोरी न करण्याचं दुसरं शील आलं, तिसरं आलं, चौथं, पाचवं. त्याच्या दुसऱ्या दिवशी तसंच. रोज पहिल्याच्या जागी तेवढा मोकळा वेळ सोडायचा आणि पुढे जायचं. मी चहाचा गॅस बारीक करून ऐकायची. जे मोडलं ते म्हणायचं नाही, एवढा साधा तुमचा हिशोब असावा. मी एकदाही दार ढकलून आत आले नाही.

मार्चमध्ये तुम्ही रूथच्या पिकअपमधून फेरीबोटीने पलीकडे गेलात आणि जाळीदार तारेची भेंडोळी घेऊन आलात. मला सांगितलं नाहीत, रूथलाही धड सांगितलं नव्हतंत. "युअर फादर जस्ट पॉइंटेड," ती हसून म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही एकेका झाडाभोवती तार गुंडाळायला लागलात. तार कापायची, गोल वाकवायची, खालची कड मातीत पुरायची, वर मांडीइतकी उंच ठेवायची. हातांवर ओरखडे. मी म्हटलं, "बाबा, कुणालातरी बोलावून करून घेऊ." तुम्ही म्हणालात, "मले दुसरं काम काय हाये?" सगळा उन्हाळा तुम्ही ते करत होता. एक ओळ, मग दुसरी ओळ. मला वाटत होतं म्हाताऱ्या माणसाला विरंगुळा आहे. व्हिडिओ कॉलवर मावशीला मी तसंच सांगितलंसुद्धा.

सप्टेंबर संपता संपता शेवटची ओळ झाली. त्यानंतरच्या सकाळी मी चहा गाळत होते आणि तुमच्या खोलीतून पहिलं शील ऐकू आलं. स्पष्ट, न थांबता, बाकीच्यांच्याच आवाजात. चहा गाळणीतून ओट्यावर गेला. तेव्हा मला कळलं की तुम्ही उन्हाळाभर माझ्याशी भांडत होता. माझी गरज तुम्ही एकेका झाडाला तार बांधून संपवली होती.

त्या दिवशी जेवताना तुम्हीच विषय काढलात.

"आता तुह्या झाडाइले गरज नाही."

"माझ्या नाही. पण रूथची एक मेंढी परवा बिळात पाय मोडून पडली."

"मग तिथं गरज हाये."

"मग?"

"मग तू जा. मी आता येत नाही." तुम्ही ताट पुढे सरकवलंत. "पण तू मले उत्तर देल्लं नाही."

"प्रत्येक गोष्टीला उत्तर नसतं, बाबा."

"असते. वेळ लागते."

नोव्हेंबरात एका सकाळी तुम्ही पोर्चवर फेरेटच्या पिंजऱ्यात पाणी भरत होता आणि तिथेच खाली बसलात. मी पोचले तोवर तुमचं तोंड एका बाजूला वाकडं झालं होतं. हेलिकॉप्टरने तुम्हाला पलीकडच्या हॉस्पिटलात नेलं. त्यात माझ्यासाठी जागा नव्हती, मी फेरीने मागून आले. डेकवर उभी राहून समुद्र बघत होते आणि तो पलीकडचा किनारा जवळच येत नव्हता.

त्यानंतरचे काही दिवस तुम्ही होतात. बोलता येत नव्हतं. उजव्या हाताची बोटं हलायची. नर्स म्हणाली, त्यांना ऐकू येतंय, तुम्ही बोला त्यांच्याशी. मी बोलले. पाऊस सांगितला. कोळशीने मोजा पळवला ते सांगितलं. मावशीचा फोन आला होता, सगळे आठवण काढतात, ते सांगितलं. तुम्ही माझ्याकडे बघत होता, बांधावर बघायचात तसेच. तुम्ही कशाची वाट बघताय ते मला कळत होतं, आणि मी हवामान सांगत बसले. मला भीती वाटत होती की उत्तर ऐकलं की तुम्ही जाल. नाही ऐकलंत, तरी गेलात.

सिअ‍ॅटलहून आपली माणसं आली, वंदना झाली, सगळ्यांनी जेवायचे डबे आणले, मला मिठी मारली, आणि फेरीच्या वेळेला गेली. घर पुन्हा रिकामं झालं.

गेल्या शनिवारी रूथचा फोन आला. कुरणाच्या वरच्या अंगाला नवी बिळं झाली आहेत, पण तुला नको असेल तर राहू दे, ती म्हणाली. मी म्हटलं, येते. अर्धवट गुंतलेली जाळी घेऊन गेले. तोंडं शोधली, जाळी लावली, कापसीला बिळाशी धरलं. शेपटी फुलली. सोडलं. मागे जाऊन उभी राहिले. पिशवी धरायला कुणी नव्हतं म्हणून ती गवतात ठेवली होती. रूथ लांब, कुंपणाला टेकून उभी होती.

आणि ससा आला. जाळी मिटली, मी गुडघ्याने दाबलं, हात थरथरला नाही. त्या क्षणी, बाबा, माझ्या छातीत ते उसळलं. नेहमीसारखं. मला वाटलं होतं तुम्ही गेल्यावर ते मरून जाईल. नाही मेलं.

तर हे उत्तर. वेळ लागला. हौस आहे, बाबा. रूथच्या मेंढ्यांची गरज खरी आहे, पण त्या गरजेमागे मी लपत होते. बिळामागे श्वास धरून उभी असते तेव्हा आई गेलेली नसते, लग्न मोडलेलं नसतं, काहीच झालेलं नसतं. फक्त जमीन असते आणि तिच्या पोटात काहीतरी धावत असतं. ससा मरतो याचा आनंद नाही, असं म्हटलं तर तुम्हाला बरं वाटलं असतं. तेही पूर्ण खरं नाही. तो माझ्या हाती लागला याचा होतो, आणि त्यानंतर तो मरतो.

तुम्ही रागावला नसतात, एवढं मला माहीत आहे. "बरं," म्हणाला असतात आणि जाळी सोडवायला घेतली असतीत. पण त्या "बरं"च्या मागे काय असतं, ते मला कधीच ओळखता आलं नाही, आणि आता विचारायची सोय राहिली नाही.

"आर यू ओके, हनी?" रूथने लांबून हाक मारली. मी ससा गवतात ठेवला. नुसती मान हलवली. इतक्यात खाली, तळव्यांखाली, कुणीतरी पाय आपटला. बिळात अजून एक होता. मी जाळी पुन्हा पसरली, खुंटी ठोकली, आणि मागे जाऊन उभी राहिले.